पाच टँकर आणि उधारीचं एक खातं : स्पेन, १९३६

जुलै १९३६. टेक्साको या अमेरिकी तेल कंपनीचे पाच टँकर तेल भरून स्पेनच्या वाटेवर होते. ते समुद्रात असतानाच स्पेन दुभंगला. १७ जुलैला मोरोक्कोतल्या स्पॅनिश छावण्यांत लष्कराने बंड केलं, दुसऱ्या दिवशी ते मुख्य भूमीवर पोचलं. माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ ही शहरं निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारकडे राहिली. सेव्हिल, कादिझ, बुर्गोस आणि कॅनरी बेटं बंडखोर सेनापतींच्या हाती गेली. तेल मागवलं होतं स्पेनच्या सरकारी तेल कंपनीने. आता ते उतरवायचं कुठल्या स्पेनमध्ये?

याचं उत्तर न्यूयॉर्कमधून आलं आणि ते मुख्यतः एका माणसाने दिलं. तोर्किल्ड रीबर हा टेक्साकोचा अध्यक्ष. १८८२ साली नॉर्वेतल्या व्हॉस इथे जन्मलेला, पोरवयातच जहाजावर चढलेला, पुढे टँकरचा कप्तान झालेला, मग अमेरिकेचा नागरिक आणि १९३५ मध्ये कंपनीचा प्रमुख. त्याने हुकूम दिला, की जहाजं बंडखोरांच्या ताब्यातल्या बंदरांकडे वळवा.

हुकूमशहाला तेल विकावं की नाही, या प्रश्नावर बोलताना आपण बहुतेक वेळा धुक्यात चाचपडतो. सरकारं, दलाल, शुद्धीकरण कारखाने, विमा कंपन्या, हजारो करार यांच्या गर्दीत नेमका निर्णय कोणी घेतला तेच कळत नाही. स्पेनचं प्रकरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. इथे विकणारा माणूस ठाऊक आहे, त्याने काय काय केलं ते एकेक करून वेगळं काढता येतं, आणि शेवटी काय झालं तेही समोर आहे.

रिकाम्या टाक्या

स्पेनमध्ये तेल निघत नव्हतं. मोटार, ट्रॅक्टर, मासेमारीची यांत्रिक होडी, विमान, रणगाडा, सगळं आयात तेलावर चालायचं. १९२७ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरा याच्या राजवटीने तेलाचा व्यापार सरकारी मक्तेदारीत आणला आणि त्यासाठी कॅम्प्सा ही कंपनी काढली. शेल आणि स्टँडर्ड ऑइल यांचा स्पेनमधला पसारा त्यात गेला. त्यांनी तो राग धरला आणि स्पेनला सोव्हिएत तेलाकडे वळावं लागलं. १९३५ मध्ये टेक्साकोने कॅम्प्साशी करार केला आणि ती स्पेनची मुख्य पुरवठादार झाली. हा करार स्पेनच्या सरकारी कंपनीशी होता, कुठल्या सेनापतीशी नव्हता. पुढच्या सगळ्या वादात ही गोष्ट विसरली जाते, म्हणून ती इथेच नोंदवून ठेवतो.

बंडखोरांची अडचण दुहेरी होती. तेल नव्हतंच, आणि ते विकत घ्यायला सोनंही नव्हतं. स्पेनचा सोन्याचा साठा त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक होता, पण तो माद्रिदला बँक ऑफ स्पेनच्या तळघरात होता, म्हणजे सरकारच्या हातात. बंडखोरांकडे एक मोठी जमेची बाजू होती. कॅनरी बेटांवर तेनेरीफमध्ये १९३० पासून चालू असलेला शुद्धीकरण कारखाना पहिल्याच दिवसांत त्यांच्याकडे आला. कच्चं तेल मिळालं तर त्याचं पेट्रोल करायची सोय झाली.

बंडखोर सेनापतींपैकी एक, पुढे त्यांचा प्रमुख आणि स्पेनचा हुकूमशहा झालेला, तो फ्रँको. त्याची खरी लढाऊ ताकद म्हणजे मोरोक्कोतलं आफ्रिकी सैन्य. ते समुद्रापलीकडे अडकलं होतं. हिटलरने पाठवलेल्या युंकर्स ५२ जातीच्या २० विमानांनी ते सैन्य खेपा करकरून सेव्हिलला आणलं. तिथून ट्रकांचे तांडे माद्रिदच्या दिशेने निघाले. या युद्धात खेचरं आणि घोडेही होते, पण निर्णायक हालचाली चाकांवर आणि पंखांवर झाल्या. फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टुडबेकर यांच्याकडून फ्रँकोला युद्धभरात सुमारे १२,००० ट्रक मिळाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पेट्रोल नसतं तर त्यांतला एकही जागचा हलला नसता.

पहिला निर्णय : स्पेन म्हणजे कोण?

रीबरची बाजू घेणारे म्हणतात की तो व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याने राजकारणात पडू नये. हे म्हणणं मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य असतं. गिऱ्हाइकाची जात, धर्म, पक्ष न पाहता माल विकणं हा व्यापाराचा चांगला संस्कार आहे. दाराशी आलेल्या प्रत्येकाची चौकशी करून मगच माल द्यायचा असं ठरलं, तर त्याचा जाच सगळ्यांत आधी दुबळ्यांना होतो.

पण या प्रकरणात राजकारणात न पडणं म्हणजे काय करणं झालं असतं? करार पाळणं. ज्या कंपनीने माल मागवला तिला तो देणं. तिचं मुख्य कार्यालय माद्रिदला होतं, ती कायदेशीर सरकारची होती, त्या सरकारला अमेरिकेची मान्यता होती आणि त्याच्याकडे पैसेही होते. किंवा परिस्थिती अगदीच अनिश्चित वाटली तर जहाजं एखाद्या तटस्थ बंदरात थांबवणं. बंड होऊन काही दिवसच झाले होते आणि ते टिकेल की चिरडलं जाईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी कॅम्प्साचा एक अधिकारी माद्रिदमधून निसटून फ्रान्सला पोचला आणि टेक्साकोच्या तिथल्या प्रतिनिधीला भेटला. कंपनीने त्याच्या बाजूला कौल दिला. बंडखोरांनी बुर्गोसला आपली वेगळी कॅम्प्सा उभी केली आणि माल तिच्या नावावर जाऊ लागला.

म्हणजे पहिल्याच पावलाला विक्रेत्याने ठरवलं की स्पेन म्हणजे कोण. तेव्हा अमेरिकेने ते ठरवलं नव्हतं आणि राष्ट्रसंघानेही नाही. जर्मनी आणि इटलीने फ्रँकोला औपचारिक मान्यता दिली ती नोव्हेंबर १९३६ मध्ये. एका तेल कंपनीने ती त्याआधीच देऊन टाकली. तिने ती जाहीर केली नाही, जहाजाचं सुकाणू फिरवून दिली. यानंतर ‘आम्ही फक्त विकतो’ हे वाक्य टेक्साकोच्या तोंडी उरत नाही.

रीबरने असं का केलं? साम्यवादाची भीती त्याला होतीच, त्याच्या वर्तुळात ती सगळ्यांनाच होती. पण आणखी एक कारण त्याच्या परिचितांच्या आठवणींतून पुढे आलं आहे. लोकशाही सरकारांपेक्षा एकाधिकारशहांशी व्यवहार करणं बरं, कारण त्यांना एकदाच लाच द्यावी लागते, असं तो म्हणायचा. हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो, पण ते बाजूला सारू नये. हुकूमशहा गिऱ्हाईक म्हणून विक्रेत्याला आवडतो, याचं हे अगदी प्रामाणिक कारण आहे. संसदेत प्रश्न विचारला जात नाही, निविदा बदलत नाही, निवडणुकीनंतर नवा मंत्री येऊन जुना करार उकरून काढत नाही. एकच सही लागते. विक्रेत्याची ही सोय म्हणजेच त्या देशातल्या लोकांची गेलेली सत्ता.

दुसरा निर्णय : उधारी

मला या प्रकरणाचं मर्म इथे दिसतं.

बुर्गोसच्या जुंटाकडे, म्हणजे बंडखोर सेनापतींच्या मंडळाकडे, रोख पैसे नव्हते. टेक्साकोने तेल उधार दिलं. पैशांची काळजी करू नका, अशा आशयाची तार कंपनीकडून गेली. शिवाय मूळ करारानुसार तेल न्यायला कॅम्प्साची जहाजं यायची होती. ती नव्हती किंवा अपुरी होती, म्हणून टेक्साकोने आपल्याच टँकरांतून माल पोचवायला सुरुवात केली.

रोख घेऊन माल देणारा आणि उधारीवर देणारा यांच्यात नैतिक फरक आहे का? माझ्या मते फार मोठा आहे, आणि तेलाच्या व्यापारावरच्या चर्चेत तो पुरेसा मांडला जात नाही. रोख विकणाऱ्याचा संबंध पैसे हाती पडले की संपतो. गिऱ्हाईक उद्या जिंकलं काय, हरलं काय, त्याचं नुकसान नाही. उधार देणाऱ्याचे पैसे मात्र गिऱ्हाइकाच्या विजयात अडकलेले असतात. फ्रँको हरला असता तर ती उधारी बुडाली असती, कारण बंडखोरांचं कर्ज प्रजासत्ताक कशाला फेडणार? म्हणजे पहिल्या टँकरच्या उधारीबरोबर टेक्साकोला फ्रँकोचा विजय हवासा झाला, आणि प्रत्येक नव्या खेपेबरोबर तो जास्त हवासा होत गेला. दुकानदार भागीदार झाला.

हा फरक दुसऱ्या बाजूने पाहिला तर आणखी स्पष्ट होतो. ‘आम्ही नाही विकलं तर दुसरा कोणी विकेल’ हा तेलाच्या व्यापारातला सर्वांत जुना बचाव. रोखीच्या विक्रीबाबत तो बऱ्याचदा खरा ठरतो. शेल आणि स्टँडर्ड ऑइलनेही पुढे फ्रँकोच्या बाजूला तेल विकलं, हे मान्य केलं पाहिजे. पण १९३६ च्या उन्हाळ्यात, ज्याच्याकडे सोनं नाही, मान्यता नाही आणि उद्याची खात्री नाही, अशा सेनापतींना उधारीवर टँकरामागून टँकर देणारा दुसरा कोण होता? जर्मनी आणि इटली विमानं आणि माणसं देऊ शकत होते, पण तेलाच्या बाबतीत ते स्वतःच आयातदार होते. बदली विक्रेता होता असं म्हणायचं असेल, तर त्याने त्याच अटींवर विकलं असतं हे दाखवावं लागेल. मला ते पटत नाही.

किती तेल गेलं? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात अर्थसल्लागार असलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे जे आकडे दिले त्यांनुसार १९३६ मध्ये ३,४४,००० टन, १९३७ मध्ये ४,२०,०००, १९३८ मध्ये ४,७८,००० आणि १९३९ मध्ये ६,२४,००० टन. शेवटच्या वर्षाचा बराचसा भाग युद्ध संपल्यानंतरचा आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. त्या सगळ्या तेलाची किंमत एका अंदाजाने २ कोटी डॉलरच्या आसपास जाते.

कायद्याच्या यादीत तेल नव्हतं

अमेरिकेचा तटस्थता कायदा १९३५ चा. पहिल्या महायुद्धात शस्त्रविक्रेत्यांनी आणि कर्ज देणाऱ्या बँकांनी देशाला युद्धात ओढलं, ही भावना तेव्हा जोरावर होती. म्हणून युद्ध करणाऱ्यांना शस्त्रं, दारूगोळा आणि युद्धसाहित्य विकायला बंदी आली, १९३६ मध्ये कर्जालाही आली. यादवी युद्धाचा उल्लेख त्यात नव्हता. ती फट ८ जानेवारी १९३७ च्या ठरावाने खास स्पेनसाठी बुजवली. प्रतिनिधिगृहात या ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं, मिनेसोटाच्या जॉन बर्नार्ड यांचं.

तेल मात्र यादीत नव्हतं. ट्रकही नव्हते.

याचा प्रत्यक्षातला अर्थ पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये ग्लेन मार्टिन या विमान कंपनीने परराष्ट्र खात्याला विचारलं, की स्पेनच्या सरकारला आठ बाँबफेकी विमानं विकली तर चालेल का. तोवर बंदीचा कायदा स्पेनला लागूही नव्हता, तरी खात्याने कळवलं की ते सरकारच्या धोरणाच्या भावनेत बसत नाही. कंपनी मागे हटली. डिसेंबरात रॉबर्ट क्यूझ नावाच्या व्यापाऱ्याने परवाना मागितला आणि कायद्याने तो नाकारता येईना. तेव्हा काँग्रेसने धावपळ करून ठराव केला. तो सहीने लागू होण्याआधीच विमानांचा काही माल घेऊन मार कांताब्रिको हे जहाज न्यूयॉर्कहून निघालं. मार्च १९३७ मध्ये बिस्केच्या उपसागरात ते फ्रँकोच्या आरमाराने पकडलं.

विमान विकू पाहणाऱ्याला भावनेची आठवण करून दिली गेली आणि विमानात भरायचं पेट्रोल विकणाऱ्याला मोकळीक राहिली. बंदी दोन्ही बाजूंना सारखी लागू होती. पण ज्या बाजूला जर्मनी आणि इटलीकडून शस्त्रं येतच होती तिला फक्त तेल कमी पडत होतं, आणि तेलाला बंदी नव्हती. समान नियमाने असमान परिणाम झाला. कायदा लिहिणाऱ्यांचा तो हेतू नसेलही. पण विक्रेत्याला हे दिसत होतं, कारण मागणी त्याच्याच टेबलावर येत होती.

मग कायद्याच्या चौकटीत राहिलो असं तरी टेक्साकोला म्हणता येतं का? तेही पुरतं नाही. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथून टँकर सुटायचे तेव्हा मालाच्या कागदपत्रांवर अँटवर्प, रॉटरडॅम किंवा अ‍ॅमस्टरडॅम लिहिलेलं असायचं. समुद्रात गेल्यावर कप्तान बंद पाकीट उघडायचा आणि त्यात फ्रँकोच्या ताब्यातल्या बंदराचं नाव असायचं. १९३७ मध्ये हे उघडकीला आलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कानावर गेलं, चौकशी झाली आणि कंपनीला २२,००० डॉलर दंड झाला. वरच्या अंदाजाच्या हिशेबाने हा दंड एकूण मालाच्या किमतीत हजार डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट पडतो. वरचे टनांचे आकडे पुन्हा पाहा. दंडानंतरच्या वर्षी विक्री वाढलेली आहे.

आपण जे करतो ते निर्मळ आहे असं वाटणारा माणूस कागदावर खोटं बंदर लिहीत नाही. कंपनीच्या मनात काय होतं हे शोधायला मला यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही.

तिसरा निर्णय : खबर

इथवरची गोष्ट त्या काळातही थोडीफार माहीत होती. त्यापुढची कित्येक दशकं दडून राहिली आणि कॅम्प्साचे जुने कागद चाळणाऱ्या एका स्पॅनिश संशोधकामुळे बाहेर आली.

टेक्साकोची कार्यालयं आणि प्रतिनिधी जगभरच्या बंदरांत होते. कुठला टँकर कुठे भरतोय, कोणासाठी, किती माल, किती दराने, ही माहिती तेलाच्या धंद्यात रोजचीच. फ्रँकोच्या बाजूने विचारणा झाली की प्रजासत्ताकाकडे जाणाऱ्या तेलाची माहिती मिळेल का. ती मिळू लागली. जहाजाचं नाव, माल, निघण्याची वेळ, संभाव्य मार्ग असे कितीतरी संदेश न्यूयॉर्क आणि पॅरिसमार्गे बुर्गोसला गेले. भूमध्य समुद्रात फ्रँकोचं आरमार आणि इटलीच्या पाणबुड्या व विमानं टपून होती. टँकर हे मोठं, संथ आणि पेटणारं लक्ष्य. प्रजासत्ताकासाठी तेल नेणारी अनेक जहाजं त्या समुद्रात बुडाली, पकडली गेली किंवा जायबंदी झाली. कुठलं जहाज कोणत्या संदेशामुळे सापडलं, याचा एकास एक हिशेब मी मांडत नाही. पण संदेश पाठवले गेले ते जहाजं सापडावीत म्हणूनच.

त्या जहाजांवर खलाशी होते. हे कळल्यापासून मी या प्रकरणाकडे ‘तेलविक्रीची नीती’ एवढ्याच चौकटीत पाहू शकत नाही. ज्या माणसाने आपली उमेदीची वर्षं टँकरच्या डेकवर काढली, ज्याला पेट्रोलने भरलेल्या जहाजावर टॉर्पेडो आदळल्यावर काय होतं हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, त्याच्या कंपनीने दुसऱ्यांच्या टँकरांचे मार्ग शत्रूला कळवले.

या तीन गोष्टी, विकणं, उधार देणं आणि खबर देणं, वेगवेगळ्या आहेत. पण त्या एकीतून दुसरी निघाल्या आहेत. जहाज वळवलं म्हणून उधारी द्यावी लागली. उधारी दिली म्हणून गिऱ्हाइकाचा विजय हवासा झाला. विजय हवासा झाला म्हणून खबर द्यायला मन धजलं. पहिल्या दिवशी रीबरला कोणी विचारलं असतं की वर्षभरात तू खलाशांच्या वाटा शत्रूला सांगशील का, तर कदाचित तो नाही म्हणाला असता. मला हे त्याचं समर्थन वाटत नाही. पहिलं पाऊल एवढं महत्त्वाचं का, याचं ते कारण आहे.

दुसऱ्या बाजूचे आक्षेप

प्रजासत्ताकाकडे तेल कुठून येत होतं? मुख्यतः सोव्हिएत संघाकडून. ऑक्टोबर १९३६ मध्ये स्पेनचं सुमारे ५१० टन सोनं कार्ताहेना बंदरातून सोव्हिएत संघाकडे रवाना झालं आणि त्यातून शस्त्रं, तेल, सगळं आलं. विकणारा स्टालिन होता, आणि त्या वर्षांत तो आपल्याच देशात लाखो लोकांना छळछावण्यांत आणि गोळीबाराच्या पथकांपुढे पाठवत होता. प्रजासत्ताकाच्या मुलखातही हत्या झाल्या. सुमारे ५०,००० लोक तिथे आघाडीमागे मारले गेले, त्यांत जवळपास ७,००० धर्मगुरू आणि जोगिणी होत्या. फ्रँकोच्या बाजूच्या हत्यांची संख्या इतिहासकार याच्या दुपटीहून जास्त धरतात आणि तिथे त्या वरून आखलेल्या होत्या. तरीही पहिला आकडा झाकून हे प्रकरण लिहिणं अप्रामाणिक ठरेल. तेल न्यायला एक स्वच्छ बंदर होतं आणि एक घाणेरडं, असं चित्र नव्हतं.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? दोन्ही बाजू रक्ताळलेल्या होत्या, असं रीबरला खरोखर वाटत असतं तर त्याने दोघांनाही नकार दिला असता, किंवा दोघांनाही रोखीने विकलं असतं. त्याने एका बाजूला उधार दिलं आणि दुसरीची जहाजं दाखवून दिली.

दुसरा आक्षेप मला अधिक छळतो. तेल म्हणजे तोफगोळा नव्हे. त्याच टँकरमधल्या मालातून पाव वाहून नेणारा ट्रक चालतो, मासेमारीची होडी चालते, इस्पितळातला दिवा जळतो. फ्रँकोच्या मुलखातही लाखो सामान्य माणसं होती आणि त्यांनी फ्रँकोला निवडलेलं नव्हतं. त्यांचं तेल तोडणं म्हणजे ज्यांच्या नावाने आपण हळहळतो त्यांनाच आधी अंधारात ढकलणं. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच म्हणता येतं, की युद्धाच्या काळात हुकूमशहा टाकीवर आधी स्वतःची तोटी बसवतो. लष्कर पोटभर पितं आणि उरलेलं लोकांना मिळतं. पुरवठा दहा टक्के वाढला तर लोकांच्या वाट्याला दहा टक्के येत नाहीत. आणि पुरवठा तोडला तर लष्कर सगळ्यांत शेवटी तहानेलं होतं. दोन्ही बाजूंनी मार लोकांनाच. म्हणून सरसकट ‘विका’ किंवा सरसकट ‘तोडा’ असं म्हणणाऱ्यांपैकी कोणीच मला विश्वासाचं वाटत नाही. किती, कोणत्या अटीवर, कशाच्या बदल्यात, हे विचारावं लागतं. टेक्साकोने यातलं काहीही विचारलं नाही.

तोटी बंद केली तर काय होतं

१९३५ मध्ये मुसोलिनीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले आणि तेल त्यांतून वगळलं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तेलकंपन्यांना संयमाचं आवाहन केलं, ते कंपन्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. तेलावर बंदी आली असती तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितलं. हा झाला एक पुरावा. उलट पुरावाही आहे. १ ऑगस्ट १९४१ पासून अमेरिकेने जपानचं तेल प्रत्यक्षात तोडलं. जपान आपल्या तेलापैकी सुमारे ८० टक्के अमेरिकेकडून घेत होता. चार महिन्यांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला. तोटी वर्षानुवर्षं सैल सोडून एका दिवसात आवळली, तर पलीकडचा गुडघे टेकेल की झडप घालेल हे सांगता येत नाही.

स्पेनमध्येच मात्र तिसरी गोष्ट घडली, आणि ती या प्रकरणाच्या चर्चेत क्वचितच येते. दुसऱ्या महायुद्धात फ्रँको औपचारिकरीत्या बाहेर होता, पण जर्मनीला वोल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचं खनिज विकत होता. चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांना आणि यंत्रांच्या हत्यारांना ते लागायचं. जानेवारी १९४४ च्या अखेरीस अमेरिकेने स्पेनचं तेल थांबवलं. देशाची वाहतूक लवकरच लंगडू लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला तडजोड झाली. वोल्फ्रॅमची निर्यात अगदी थोडीवर आणायची आणि टँजियरमधली जर्मन वकिलात बंद करायची, हे फ्रँकोने मान्य केलं. तेल पुन्हा सुरू झालं.

फ्रँको त्यामुळे लोकशाहीवादी झाला नाही. तो २० नोव्हेंबर १९७५ ला मरेपर्यंत सत्तेवर राहिला. पण त्याला तेलाची किती गरज होती आणि त्यासाठी तो काय द्यायला तयार होता, हे तीन महिन्यांत दिसलं. हीच गरज १९३६ मध्ये याहून कितीतरी तीव्र होती, तेव्हा त्याच्याकडून काहीही मागता आलं असतं. कैद्यांना मारू नका, शहरांवर बाँब टाकू नका, निर्वासितांना वाट द्या. मिळालं असतंच असं नाही. कोणी मागितलंच नाही, कारण तेल विकणाऱ्याला पैशापलीकडे हवा होता तो फ्रँकोचाच विजय.

तेलामुळे युद्धाचा निकाल लागला का? एकट्या तेलामुळे नाही. जर्मन विमानदल, इटलीचं सैन्य, ब्रिटन आणि फ्रान्सचं अलिप्ततेचं धोरण, प्रजासत्ताकातली आपसातली भांडणं, सगळ्यांचा वाटा आहे. पण फ्रँकोच्या परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी दौसिनाग यांनीच पुढे कबूल केलं की अमेरिकी तेल, अमेरिकी ट्रक आणि अमेरिकी उधारी नसती तर आम्ही युद्ध जिंकलो नसतो. तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या, तिसरी उधारी आहे. आणि जानेवारी १९३९ मध्ये, बार्सिलोना पडल्यावर, रूझवेल्ट यांनी आपल्या मंत्रिमंडळात मान्य केलं की शस्त्रबंदी ही गंभीर चूक होती.

हिशेब कोणी दिला?

युद्ध १ एप्रिल १९३९ ला संपलं. उधारी फिटली. फ्रँकोने रीबरला इसाबेल राणीच्या नावाचा मोठा सन्मान दिला. ऑगस्ट १९४० मध्ये रीबरला टेक्साकोचं अध्यक्षपद सोडावं लागलं, पण स्पेनमुळे नव्हे. गेरहार्ड वेस्ट्रिक नावाचा जर्मन वकील हिटलरच्या सरकारसाठी अमेरिकी उद्योगपतींच्या गाठीभेटी घेत होता, त्याला रीबरने मदत केल्याचं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आलं आणि कंपनीच्या शेअरचा भाव घसरू लागला. संचालकांना तेव्हा हालचाल करावीशी वाटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टेक्साकोने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे रेडिओवरचे कार्यक्रम पुरस्कृत करायला सुरुवात केली आणि पुढे साठांहून जास्त वर्षं ते चालू ठेवलं. रीबर इतर उद्योगांत गेला आणि १९६८ मध्ये वारला.

न्यूयॉर्कच्या त्या कार्यालयात तार लिहिणारे कारकून होते, पॅरिसमध्ये जहाजांची माहिती जमवणारे प्रतिनिधी होते, पोर्ट आर्थरला कागदांवर अँटवर्प लिहिणारे कर्मचारी होते. त्यांच्यातल्या कोणी नकार दिला असेल तर ते माझ्या वाचनात आलेलं नाही. सगळ्यांत जास्त मी विचार करतो तो कप्तानांचा. पहिल्यांदा पाकीट उघडणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक नसेल. दुसऱ्यांदा उघडणाऱ्याला ठाऊक होतं. बंदरातून निघतानाच, अँटवर्पच्या कागदांवर सही करताना, त्याला ठाऊक होतं. घरी पगार पाठवायचा होता, मंदीतून देश अजून पुरता सावरला नव्हता, आणि नोकरी गेलेल्या खलाशांची गोदीवर रीघ होती. त्याने पाकीट फाडलं, बंदराचं नाव वाचलं आणि सुकाणूवरच्या माणसाला नवी दिशा सांगितली.